पडद्याचं चित्र आणि माणसाचं दिसणं

माढ्यात दिवसभराची कामं आटोपून तुम्ही इथे आलात, आणि पुढे नेटवर हे व्याख्यान वाचणारे पुष्कळ जण आहेत, त्या सगळ्यांचे आधी आभार मानतो. सुरुवातीलाच एक खुलासा. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पीएच.डी.मुळे. माझ्याकडे औषध नाही. माझ्याकडे एकच जुना प्रश्न आहे, आणि तो मी आयुष्यभर वर्गात विचारत आलो: ‘मला हे कळलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते कशावरून कळलं?

आज हा प्रश्न डोळ्याच्या पडद्याच्या फोटोला विचारायचा आहे. हल्ली मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्यानं डोळ्याच्या आतला फोटो काढतात, आणि तो फोटो बघून यंत्र सांगतं की हा माणूस नीट आहे की याला मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं. याची महाराष्ट्रातच नीट चाचणी झालेली आहे, आणि तिचा शोधनिबंध २०१९ साली ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या मोठ्या नियतकालिकात आला आहे. आज मी त्या निबंधाची समीक्षा करणार आहे. कवितेची समीक्षा करतो तशीच शोधनिबंधाचीही करता येते; काय म्हटलंय, किती म्हटलंय आणि काय म्हटलेलं नाही, हेच तर बघायचं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पडद्याचं चित्र म्हणजे दिसणं नव्हे. ती दिसण्याबद्दलची एक खूण आहे. खुणेवरून काढलेला निष्कर्ष किती धरायचा, हे ती खूण कुठे आणि कोणावर तपासली त्यावर ठरतं. हे विसरलं तर चांगलं यंत्रसुद्धा माणसाचं नुकसान करू शकतं.

आधी डोळ्याविषयी थोडं. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पातळ पडदा असतो. पुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या मध्यावर साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पिवळसर भाग असतो, तो पीतबिंदू. डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात. इथे नावाचा घोटाळा होतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही आजारांची नावं आहेत. पीतबिंदू हा आजार नाही, तो डोळ्याचा भाग आहे, आणि प्रत्येकाला असतो. त्याच्या अगदी मधोमध जो छोटा खोलगट भाग आहे तो फोव्हिया. आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो ते या एवढ्याशा जागेच्या जोरावर.

म्हणून पीतबिंदू बिघडला की माणूस अंधारात जात नाही. कडेचं दिसत राहतं. तो वाटेनं चालतो, बांधावरून उतरतो, दारातली चप्पल चुकवतो. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसट होतं. एसटीची पाटी वाचता येत नाही. ज्वारी निवडताना खडा दिसत नाही. नोट शंभराची की पाचशेची ते कळत नाही. मग घरचे म्हणतात, ‘रानात तर बरोबर जातो, मग पैसे मोजतानाच कसं दिसत नाही?’ म्हाताऱ्या माणसावर ढोंगाचा आळ येतो. मोतीबिंदूवाल्याच्या वाट्याला हे सहसा येत नाही, कारण त्याची अडचण सगळ्यांना समजते. पीतबिंदूवाल्याला आजाराबरोबर अविश्वासही सोसावा लागतो. आजच्या विषयात पणाला लागलेलं आहे ते हे.

हा भाग बिघडतो कशानं? वयानं झिजतो. मधल्या खड्ड्याला कधी भोक पडतं. कधी पडद्याखाली पाणी साचतं. आणि आपल्याकडे वाढत चाललेलं कारण म्हणजे मधुमेह, आपल्या भाषेत शुगर. शुगरमुळे पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात आणि झिरपायला लागतात. पाझर पीतबिंदूत साचला की तिथे सूज येते. पाण्याबरोबर चरबीचे कणही बाहेर पडतात. पाणी पुन्हा शोषलं जातं, चरबी मागे राहते, आणि पडद्यावर पिवळट ठिपके दिसू लागतात. हे ठिपके लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता डोळ्याच्या आत बघायला माणूस कधी शिकला? १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं जिवंत डोळ्याचा पडदा बघता येईल असं साधन प्रसिद्ध केलं. गंमत बघा, याच हेल्महोल्ट्झनं पुढे असं मांडलं की आपलं बघणं हेच एक प्रकारचं नकळत केलेलं अनुमान आहे. डोळ्यावर खुणा उमटतात, आणि मन त्यावरून बाहेर काय असेल ते ठरवतं. डोळ्यात डोकावण्याचं साधन ज्यानं दिलं, त्यानंच बजावलं की बघणं म्हणजे थेट गाठणं नव्हे.

पुढे फोटो आला. १९६१ साली नोव्होटनी आणि ॲल्व्हिस या अमेरिकेतल्या दोन तरुणांनी रक्तात चमकणारं रंगद्रव्य सोडून पडद्याचे फोटो काढायची रीत प्रसिद्ध केली. त्यामुळे रक्तवाहिनी कुठे झिरपते ते दिसू लागलं. १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत काम करणारे हुआंग, फुजिमोटो आणि त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’मध्ये नवी पद्धत मांडली, तिला आज सगळे ओसीटी म्हणतात. सोनोग्राफीत आवाजाच्या परतणाऱ्या लाटांवरून आतलं चित्र काढतात, तसं इथे परतणाऱ्या प्रकाशावरून काढतात. उभ्या कापलेल्या कांद्याचे पापुद्रे दिसावेत तसे पडद्याचे थर दिसतात, आणि जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजता येते.

प्रत्येक चित्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. साधा फोटो सांगतो, वरून काय दिसतं. रंगद्रव्याचा फोटो सांगतो, कुठे झिरपतं. ओसीटी सांगते, किती जाड झालं. ‘या माणसाला किती दिसतं?’ हा प्रश्न यातल्या एकाही चित्रानं विचारलेलाच नाही.

आता मुंबईच्या निबंधाकडे येतो. सुंदरम नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेही रुग्णांचे पडद्याचे फोटो काढले. कॅमेरा मोबाइलवर चालणारा होता. फोटो काढणारे नेत्रतज्ज्ञ नव्हते, आरोग्य कर्मचारी होते. फोटो तपासणारी प्रणाली मोबाइलमध्येच बसवलेली, इंटरनेट लागत नाही. ही मोठी गोष्ट आहे. ज्या देशात नेत्रतज्ज्ञ शहरांत गोळा झालेले आहेत, तिथे रेंज नसलेल्या गावातही चालेल अशी तपासणी उभी करणं, तीसुद्धा पालिकेच्या दवाखान्यातल्या गरीब रुग्णांपासून सुरू करणं, याचं मोल मी कमी लेखत नाही. पुढे जी टीका करतो ती या कामाविषयी आदर ठेवूनच.

निबंधातला आकडा असा: रेफर करण्याजोगा आजार, म्हणजे मध्यम किंवा त्यापुढचा, ओळखण्यात यंत्राची संवेदनशीलता १०० टक्के. म्हणजे असे जितके रुग्ण होते तितके सगळे यंत्रानं पकडले. शंभर टक्के म्हटलं की आपले हात आपोआप जोडले जातात. पण समीक्षकानं हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारावा: कितीपैकी शंभर टक्के?

निकाल २१३ रुग्णांचा आहे, आणि त्यात रेफर करण्याजोगे होते १५. पंधरापैकी पंधरा. निबंधातच शंभराच्या शेजारी कंसात लिहिलंय: ७८.२ ते १००. म्हणजे लेखक प्रामाणिक आहेत. ते सांगतात की खरी क्षमता ७८ पासून १०० पर्यंत कुठेही असू शकेल. बोलताना मात्र कंस गळून पडतो आणि उरतं शंभर.

हे साध्या हिशेबानं बघू. समजा एखादं यंत्र दर दहा रुग्णांत एक निसटू देतं. असं यंत्र पंधरा रुग्णांवर चालवलं, तर पाचातून एका चाचणीत ते पंधराच्या पंधरा पकडून दाखवेल, निव्वळ योगायोगानं. वीसांत एक निसटू देणारं यंत्र तर जवळजवळ निम्म्या चाचण्यांत शंभर टक्के दाखवेल. म्हणून १५ पैकी १५ ही चांगली बातमी आहे, पण खात्री नव्हे. बाजारात पंधरा आंबे गोड निघाले म्हणून आपण पूर्ण पेटी डोळे मिटून घेत नाही. आणखी चार चाखतो.

दुसरी बाजू. ज्यांना पाठवायची गरज नव्हती अशांपैकी ८८.४ टक्क्यांना यंत्रानं बरोबर सोडलं. हा आकडा ऐकायला चांगला वाटतो. हिशेब मांडा: २१३ मधून १५ गेले, उरले १९८. त्यातल्या २३ जणांना यंत्रानं विनाकारण ‘जा’ म्हटलं. एकूण ‘जा’ म्हटलेले ३८, त्यातले खरे १५. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक उगाच पाठवले गेले. मुंबईत हे चालून जातं. माढ्याहून सोलापूरला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, भाडं, सोबतीला एक माणूस, तिथली रांग. तिथे डॉक्टर म्हणाले ‘काही नाही, नीट आहे’, तर तो माणूस पुढच्या वर्षी यंत्राचं ऐकेल का? तरीही मी म्हणेन, उगाच एक फेरी झालेली बरी, दृष्टी जाण्यापेक्षा. मात्र हा निर्णय यंत्र करत नाही. फेरीची किंमत कोण भरतं, हे ठरवणं समाजाचं काम आहे, आणि निबंधातल्या टक्क्यांत ती किंमत येत नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. यंत्र बरोबर की चूक हे मुंबईत कशावरून ठरवलं? दोन नेत्रतज्ज्ञांनी केलेल्या निदानाशी यंत्राचं निदान ताडून. पण तज्ज्ञांनीही बघितले ते फोटोच. म्हणजे दोघांनी एकच खूण बघितली, आणि दोघांचं एकमत किती झालं ते मोजलं.

आपल्या परंपरेत याला नेमके शब्द आहेत. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकणाऱ्या प्रत्येकाला डोंगर, धूर आणि विस्तव माहीत आहेत. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे. कशावरून? जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, जसं स्वयंपाकघरात. धूर हा हेतू, विस्तव हे साध्य, आणि दोघांना बांधणारा नियम ती व्याप्ती. मुंबईच्या चाचणीत डोंगरावर कोणी चढलं नाही. खाली उभं राहून दोघांनी धूर बघितला, आणि ‘तुम्हालाही दिसला ना?’ असं एकमेकांना विचारलं. हे एकमत उपयोगाचं आहे. पण ते विस्तवाचं प्रमाण नव्हे.

पीतबिंदूच्या सुजेबाबत हे फार महत्त्वाचं आहे. कारण सूज म्हणजे जाडी, आणि साधा फोटो सपाट असतो. त्यात जाडी दिसत नाही. मग डॉक्टर सूज ओळखतात कशी? त्या पिवळट ठिपक्यांवरून. ठिपके हा धूर, सूज हा विस्तव. न्यायशास्त्रानं इथेच दोन इशारे देऊन ठेवले आहेत. एक, धुक्याला धूर समजू नका: पाणी कधीच शोषलं गेलं, सूज उतरली, पण ठिपके मागे राहिले, असं होतं. दुसरा, विस्तव धुराशिवायही असतो. तापून लाल झालेला लोखंडी गोळा घ्या: आग आहे, धूर नाही. कारण धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. तसंच पडद्याला सूज असते आणि ठिपका एकही नसतो, असे रुग्ण असतात. या तापलेल्या गोळ्यांना ‘नॉर्मल’चा कागद मिळतो.

ही नुसती शास्त्रार्थाची गोष्ट नाही, तपासलेली आहे. २०२० साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये गूगलच्या संशोधकांचा एक निबंध आला. थायलंडमधल्या रुग्णांचे साधे फोटो घेतले, आणि सूज खरोखर आहे का ते मात्र ओसीटीनं मोजून ठरवलं. म्हणजे इथे डोंगरावर चढले. साधे फोटो बघून पडद्याच्या तज्ज्ञांनी सुजेचे ८२ ते ८५ टक्के रुग्ण ओळखले. पण ज्यांना सूज नव्हती, त्यांच्यातल्या फक्त ४५ ते ५० टक्क्यांना ते बरोबर ‘नाही’ म्हणू शकले. हे तर नाणं उडवल्यासारखं झालं. यात तज्ज्ञांचा दोष नाही. ठिपक्याची आणि सुजेची व्याप्तीच कच्ची आहे. ओसीटीच्या मोजमापावर शिकवलेलं यंत्र त्याच फोटोंवरून ८५ टक्के रुग्ण ओळखत होतं, आणि सूज नसलेल्या ८० टक्क्यांना बरोबर सोडत होतं.

मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून हा निबंध फार महत्त्वाचा वाटतो. यंत्राला असा एखादा धूर दिसतो, जो माणसाला दिसत नाही. तो कोणता, हे नेमकं कोणी सांगू शकत नाही. एवढंच कळतं की तो फोव्हियाच्या आसपासच आहे. आपल्याकडे दुसऱ्याला पटवायचं अनुमान पाच अवयवांचं. आधी प्रतिज्ञा, लगेच हेतू. यंत्र प्रतिज्ञा करतं, ‘सूज आहे’, आणि हेतू सांगत नाही. हेतू माहीत असला की आपण म्हणू शकतो, ‘थांबा, हे धुकं आहे.’ हेतूच माहीत नसेल तर उरतो एकच उपाय: प्रत्येक नव्या डोंगरावर चढून बघायचं. थायलंडमध्ये जमलं, मुंबईत जमलं, म्हणून माढ्यात जमेल, हे आपोआप सिद्ध होत नाही. मुंबईचा दवाखाना हे स्वयंपाकघर आहे, माढा हा डोंगर. इथे बिनऑपरेशनचे पिकलेले मोतीबिंदू जास्त असतील तर फोटोच धुरकट येईल. धुरकट फोटोवरून यंत्र काय म्हणतं, हे इथेच बघावं लागेल.

थायलंडमध्येच हे अनुभवाला आलं. गूगलच्या लोकांनी तिथल्या ११ दवाखान्यांत यंत्र लावलं आणि काय घडतं त्याचा अहवाल २०२० साली प्रामाणिकपणे छापला. पहिल्या सहा महिन्यांत यंत्रात घातलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो पुरेसे स्पष्ट नाहीत म्हणून यंत्रानं तपासलेच नाहीत. खोलीत नीट अंधार नव्हता. इंटरनेट संथ होतं. ज्यांचा फोटो नापास झाला, त्यांना दुसरीकडे तज्ज्ञाकडे जायला सांगितलं. यंत्र प्रयोगशाळेत हुशार होतं, पण दवाखान्याच्या खोलीत दिवा, गर्दी आणि दमलेल्या नर्स असतात.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, साधा फोटो सोडा, सगळ्यांची ओसीटीच करा. तिथे तर जाडी प्रत्यक्ष मोजली जाते. बरोबर. जाडीबाबत ओसीटी ही डोंगरावर चढण्यासारखीच आहे. पण रुग्ण जाडीची तक्रार घेऊन येत नाही, न दिसण्याची घेऊन येतो. मधुमेहाच्या सुजेत पडद्याची जाडी आणि दृष्टी यांचं नातं अमेरिकेतल्या एका मोठ्या संशोधन-गटानं २००७ साली तपासलं. दोघांमधला सहसंबंध निघाला ०.५२. संख्याशास्त्राच्या रीतीनं त्याचा वर्ग केला की ०.२७ येतात, म्हणजे माणसामाणसांच्या दृष्टीतल्या फरकाचा जेमतेम चौथा हिस्सा जाडीवरून उलगडतो. काहींचा पडदा चांगलाच जाड, आणि वाचतात नीट. काहींचा जवळजवळ सारखा, आणि अक्षर लागत नाही.

त्याच गटाचा २०१९ सालचा निकाल तर आणखी विचार करायला लावणारा आहे. पीतबिंदूच्या मध्यावर सूज आहे, पण नजर चांगली आहे, अशा ७०२ जणांचे तीन गट केले. एका गटाला डोळ्यात इंजेक्शनं, दुसऱ्याला लेझर, तिसऱ्याला नुसतं लक्ष ठेवून बघणं, आणि नजर घसरू लागली तरच दुसऱ्या आणि तिसऱ्या गटालाही इंजेक्शन. दोन वर्षांनी दृष्टीत ठरावीक घट झालेले किती? १६, १७ आणि १९ टक्के. फरक नगण्य. म्हणजे चित्र ‘सूज आहे’ म्हणत होतं, माणूस ‘मला दिसतं’ म्हणत होता, आणि माणसाचं ऐकून थांबणं चुकीचं ठरलं नाही. पण हाही आकडा कंसासकट वाचा. ही माणसं नेमानं तपासणीला बोलावली जात होती. ‘थांबू’ म्हणायचा अधिकार त्यालाच आहे, ज्याला परत तपासायची सोय आहे. ज्याची पुढची तपासणी कधी होईल याचा भरवसा नाही, त्याला ‘थांबा’ म्हणणं म्हणजे सोडून देणं.

उलटही असतं. १९८९ साली मियाके या जपानी नेत्रतज्ज्ञानं पीतबिंदूचा असा एक आनुवंशिक आजार मांडला, ज्यात दृष्टी हळूहळू जाते, पण पडद्याचा फोटो स्वच्छ, रंगद्रव्याचा फोटोही स्वच्छ. दोष दिसला तो पडद्याची विजेची प्रतिक्रिया मोजली तेव्हा. विचार करा, त्याआधी अशा किती रुग्णांना सांगितलं गेलं असेल की तुमच्या डोळ्यात काही नाही? आजार दुर्मीळ आहे, पण धडा दुर्मीळ नाही. चित्र स्वच्छ असणं आणि माणूस नीट असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक शेवटचा आकडा, तोही महाराष्ट्रातला. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे विनय नांगिया आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ ते २००८ या काळात ग्रामीण भागातल्या आठ गावांत ३० वर्षांवरच्या सगळ्यांची डोळ्यांची तपासणी करायचं ठरवलं. पात्र होते ५,८८५, आले ४,७११. ऐंशी टक्के म्हणजे उत्तम प्रतिसाद. तरी पाचातला एक आला नाही. मुंबईचा निबंध दवाखान्यात आलेल्यांचा आहे. जे येतच नाहीत, त्यांच्याबद्दल यंत्राची संवेदनशीलता शून्य आहे, मग ते कितीही हुशार असो. शेतावर एकट्या राहणाऱ्या म्हातारीला कोणी आणलंच नाही, तर तिचा फोटो चुकलाही नाही आणि बरोबरही आला नाही. ती हिशेबातच नाही.

मग माझं सांगणं काय? यंत्र नको, असं मी म्हणत नाही. उद्या माढ्यात असा कॅमेरा आला तर मी पहिल्या रांगेत बसेन, माझंही वय झालं आहे. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, अंगमेहनतीची कामं यंत्रांकडे गेली, शुगर घरोघरी आली. पडद्याची तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी. पण शिबिरात गेल्यावर हातात कागद पडला की चार प्रश्न विचारा. पहिला: माझा फोटो स्पष्ट आला होता का? अस्पष्ट फोटोचं उत्तर ‘नॉर्मल’ नसतं, ‘माहीत नाही’ असतं. दुसरा: यंत्रानं नेमकं काय तपासलं? फक्त शुगरमुळे झालेला बिघाड की वयामुळे होणारी झीजही? मधुमेहासाठी शिकवलेलं यंत्र दुसऱ्या आजाराबद्दल गप्प असेल, तर तिथे आजार नाही असा अर्थ होत नाही. तिसरा: पुढे पाठवलं तर कुठे, कधी, आणि तिथे ओसीटीची सोय आहे का? चौथा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा: माझी नजर तपासली का? भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळा वाचून घेतला का?

जो तक्ता आणि कॅमेरा यांच्यात फक्त कॅमेरा निवडतो, तो दवाखाना अर्धीच तपासणी करतो. तक्त्याला वीज लागत नाही. आणि घरी एक गोष्ट करा. स्विस नेत्रतज्ज्ञ आम्स्लर यांनी गेल्या शतकात एक साधा चौकोनांचा कागद तयार केला, आजही तो वापरतात. पोरांच्या गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद त्यासारखाच. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, मधल्या एका बिंदूकडे बघायचं. रेषा वाकड्या दिसल्या, मधेच तुटल्या किंवा पुसट झाल्या, तर डॉक्टरांकडे लगेच जायचं, मग मागच्या शिबिराच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो. दोन डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची चूक झाकतो, म्हणून एकेक डोळा झाकणं महत्त्वाचं.

या कागदावर जे दिसतं ते कुठल्याही कॅमेऱ्याला टिपता येत नाही, कारण ते फक्त बघणाऱ्यालाच दिसतं. रेषा वाकडी आहे हे तोच सांगू शकतो. म्हणून मी निबंधकारांना म्हणेन, तुमच्या पुढच्या निबंधात एक रकाना वाढवा: रुग्णानं काय सांगितलं. आणि घरच्यांना म्हणेन, म्हातारा माणूस ‘चेहरा दिसत नाही’ म्हणाला, आणि त्याच वेळी अंगण नीट ओलांडून गेला, तर त्याला खोटं ठरवू नका. तो दोन्ही गोष्टी खऱ्याच सांगतोय. आधी त्याचं ऐका, मग फोटो काढा, आणि फोटो काही वेगळं म्हणाला तर पुन्हा त्याचं ऐका.

एवढंच सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.